बालविवाह : कायदा, न्यायालय आणि आपला फड



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया, पाचट हे विषय पाहतो. या अंकाचा विषय वेगळा आहे. शेती खात्याच्या माणसाने कोर्टकचेरीच्या गोष्टीत कशाला पडावे, असे काहींना वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. परंतु आपला ऊस ज्या कोयत्यांनी तुटतो, त्यांतले काही कोयते अठरा वर्षे पूर्ण व्हायच्या आत बांधलेले असतात. हे आपण सगळे जाणतो आणि कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

माझ्या हातून घडलेली चूक

२०१७ सालच्या अक्षय तृतीयेच्या सुमारास कार्यक्षेत्रातील एका वस्तीवर मी लग्नाला गेलो होतो. तोडणी-वाहतुकीच्या कामामुळे मुलाकडचे लोक ओळखीचे. नवरी पंधरा वर्षांची आहे हे मांडवात सर्वांना ठाऊक होते, मलाही होते. मी अक्षता टाकल्या, पंगतीला बसलो, आहेर केला आणि घरी आलो. मनात आले ते एवढेच, की लोकांची रीत आहे, आपण कोण सांगणार?

त्याच वर्षी नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. एका फडात प्रोग्राम बघायला गेलो तर ती मुलगी डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे चाललेली. मला ओळखून हसली. म्हणाली, "साहेब, तुम्ही आमच्या लग्नाला आला होता की." त्या हसण्याचे मला काहीच वाटले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढे २०२३ मध्ये एका शिबिरात बालविवाहाचा कायदा पहिल्यांदा नीट ऐकला. बालपणी झालेले लग्न त्या मुलीला कोर्टातून रद्द करून घेता येते, पण त्याला मुदत आहे, ती म्हणजे सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे. मी बोटांवर हिशेब केला. तिची मुदत २०२२ मध्येच संपली होती. तिला लग्न मोडायचे होते की नव्हते, मला माहीत नाही. तो तिचा प्रश्न. पण असे एक दार आहे हे तिला कुणी सांगितले नाही, आणि ते दार बंद झाले. ज्यांनी सांगायला हवे होते त्यांत मीही होतो.

जुना खटला : रखमाबाई

लहानपणी लावलेल्या लग्नाविरुद्ध स्त्रीने कोर्टात उभे राहावे, ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावले गेले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोला माझ्या घरी पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असहाय बालवयात लग्न झालेल्या स्त्रीला, तिची इच्छा नसताना, अशा माणसाच्या घरी जाण्याची सक्ती करणे त्यांना पटले नाही. पण अपील झाले, प्रकरण परत खाली आले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी उत्तर दिले, की नवऱ्याकडे जाण्यापेक्षा मी तुरुंग पत्करीन.

अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे बायकांवर उपचार केले.

या खटल्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. पिन्हेसाहेबांच्या मनात न्याय होता, पण त्यांच्या हाताशी राज्यघटना नव्हती. त्या काळी "मला मान्य नाही" या मुलीच्या शब्दाला कायद्यात जागाच नव्हती. ती जागा १९५० मध्ये झाली. तिचा उपयोग व्हायला मात्र आणखी बराच काळ गेला.

कायद्याची वाटचाल

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला. पतीच्या शरीरसंबंधामुळे ती दगावली होती. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा केले. पुण्या-मुंबईत त्यावर मोठे रण माजले. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या या हस्तक्षेपाला विरोध केला, तर सुधारकांनी पाठिंबा दिला.

१९२९ मध्ये सारडा कायदा आला. त्यात मुलीचे वय १४ व मुलाचे १८ ठरले. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हद्दीतला हा कायदा आपल्याकडे लागू नव्हता. पुढे १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले आणि १९७८ मध्ये मुलीचे १८ व मुलाचे २१ झाले. आजही वय तेच आहे.

सध्याचा कायदा २००६ चा असून तो १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आहे. जुन्या कायद्यात लग्न लावणाऱ्याला किरकोळ शिक्षा होती, पण लग्न मात्र पक्के राही. नव्या कायद्याने प्रथमच त्या मुला-मुलीला सांगितले, की हे लग्न ठेवायचे की मोडायचे ते तू ठरव.

राज्यघटनेच्या कसोटीवर : २०१७ चा निकाल

आता मुख्य मुद्दा. आपल्या कायद्यांत एक विचित्र विसंगती राहून गेली होती. उदाहरणासाठी एका घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या दोन बहिणी घ्या. धाकटी शाळेत जाते, थोरलीचे लग्न लावून दिले आहे. धाकटीशी कुणी शरीरसंबंध केला तर तो गंभीर गुन्हा. तिने होकार दिला होता असे म्हणूनही भागत नाही, कारण अठराच्या आतल्या मुलीचा होकार कायदा मानत नाही. थोरलीच्या बाबतीत मात्र दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये एक अपवाद होता : बायको पंधरा वर्षांची झाली असेल तर नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार नव्हे. म्हणजे पंधरा ते अठरा या तीन वर्षांत गळ्यात मंगळसूत्र पडले की मुलीचे कायद्याचे संरक्षण गेले.

'इंडिपेंडंट थॉट' या संस्थेने या अपवादाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. सरकारचे म्हणणे असे, की देशात बालविवाह होतात ही वस्तुस्थिती आहे, कोट्यवधी घरांचा प्रश्न आहे, तेव्हा विवाहसंस्थेत हात घालू नये. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकुर व न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी निकाल दिला आणि पंधराच्या जागी अठरा वाचावे असे ठरवले.

त्यामागची घटनेची कलमे समजून घेऊ. कलम १४ म्हणते, कायद्यापुढे सर्व समान. मग त्या दोन बहिणींत फरक कशाच्या आधारावर? लग्न झाल्याने पोरीचे वय वाढत नाही. कलम १५ स्त्रिया व बालके यांच्यासाठी खास तरतुदी करण्याची मुभा देते. ती त्यांच्या भल्यासाठी आहे, संरक्षण काढून घेण्यासाठी नव्हे. कलम २१ प्रत्येकाला जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देते. आपल्या शरीरावरचा हक्क त्यातच येतो, आणि तो कन्यादानाबरोबर दान होत नाही. रीत जुनी आहे म्हणून ती घटनेच्या वर जात नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ.

हा निकाल पुढील काळासाठी लागू केला गेला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच अठरा वर्षांचे वय घातले आहे.

निकाल ऑक्टोबरचा. वर सांगितलेली मुलगी नोव्हेंबरात आमच्या फडात मोळी वाहत होती. दिल्लीतला निकाल तिच्याबद्दलच होता, पण तो तिच्या कोपीपर्यंत पोचला नाही.

२०२४ चा निकाल

'सोसायटी फॉर एनलाइटनमेंट अँड व्हॉलंटरी ॲक्शन' या संस्थेने २०१७ मध्ये आणखी एक अर्ज केला होता : कायदा आहे, पण अंमलबजावणी नाही. त्यावर १८ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती पारडीवाला व न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांनी निकाल दिला. बालविवाहामुळे मुलाचा किंवा मुलीचा जोडीदार निवडण्याचा, शिकण्याचा, बालपणाचा हक्क हिरावला जातो, असे त्यात स्पष्ट केले. प्रत्येक जिल्ह्यात केवळ याच कामासाठी, दुसऱ्या कामांचा बोजा नसलेला अधिकारी नेमा. जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्यावर जबाबदारी ठेवा. अक्षय तृतीयेसारख्या मुहूर्तांवर आधीच लक्ष ठेवा, अशा सूचना दिल्या. लहानपणी सोयरीक ठरवून ठेवण्याच्या प्रथेवरही बंदी घालण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचविले.

मला यात महत्त्वाचे वाटले ते असे. न्यायालय म्हणते, नुसते गुन्हे किती नोंदवले यावर यश मोजू नका. आधी लग्न थांबवा, घराला आधार द्या. बापाला तुरुंगात टाकून मुलीचे घर चालत नाही.

एक प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला आहे. निरनिराळ्या धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांवर हा कायदा वरचढ आहे की नाही, याचा अंतिम निर्णय त्या निकालात नाही.

उमरग्याच्या पलीकडे

आपल्या जिल्ह्याच्या लोकांनी एक फरक जरूर ध्यानात घ्यावा. उमरग्याहून हैदराबाद रस्त्याने पुढे गेले की कर्नाटक लागते. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्ती कायद्याने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला. तिकडे असे लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेच नाही. आपल्याकडे ते 'रद्द करता येण्याजोगे' आहे, म्हणजे मुलीने मुदतीत अर्ज केला तर रद्द, नाही केला तर कायम. इतर राज्यांनीही कर्नाटकाची वाट धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या निकालात म्हटले होते. तोपर्यंत आपल्याकडे सगळी मदार त्या मुलीला माहिती मिळण्यावर आहे.

हंगाम आणि लग्न यांचा संबंध

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ते ४३.७ टक्के होते. बीड म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. आपले भूम, वाशी, कळंब भागातलेही किती लोक कोयता घेऊन बाहेर जातात, ते आपण पाहतोच.

याचे कारण आपल्याच व्यवस्थेत आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, त्याची उचलही अर्धी. म्हणून पोराचे लग्न झाले की घरात एक पुरा कोयता वाढतो. पोरीच्या बापाची अडचण निराळी. एका तोडणी कामगाराला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पोरगी वयात आलीया. मागं गावात कुणाच्या भरवशावर ठुवावी? आन संगं आणली तर कोपीला दार हाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या बापाला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ती बिनदाराची कोपी आपल्या कारखान्याच्या अड्ड्यावर असते, हेही खरे आहे.

आपण दहा-अकरा महिन्यांचे बेणे निवडतो, तोडणीआधी ऊस पक्व झाला का बघतो. मोळी बांधणाऱ्या पोरीचे वय विचारत नाही.

सभासदांचे नेहमीचे प्रश्न

*मुलीचे वय आता २१ झाले ना?* नाही. तसे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले होते, ते मंजूर झाले नाही. मुलगी १८ आणि मुलगा २१, हेच वय आहे.

*लग्न रद्द करायला कुठे जायचे?* जिल्हा न्यायालयात. मुलगी सज्ञान नसेल तर पालक किंवा हितचिंतक व्यक्ती बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासह अर्ज करू शकते. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीने विसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत तिला स्वतः अर्ज करता येतो. लग्न जिथे झाले तिथे किंवा मुलगी सध्या जिथे राहते तिथेही अर्ज चालतो. स्थलांतर करणाऱ्यांना ही तरतूद उपयोगाची आहे.

*मग तिचे आणि मुलाबाळांचे काय?* पुनर्विवाह होईपर्यंत पोटगी व राहण्याची सोय यासाठी न्यायालय आदेश देऊ शकते. नवराच अज्ञान असेल तर त्याच्या आई-वडिलांना पोटगी द्यावी लागते. लग्न रद्द झाले तरी झालेली मुले औरसच मानली जातात.

*शिक्षा कोणाला?* सज्ञान नवरदेव, लग्न लावणारा, ठरवणारे, परवानगी देणारे पालक या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांना कैदेची शिक्षा नाही. आणि हे नीट वाचा : अशा लग्नाला हजर राहणे, त्यात भाग घेणे हेही कायद्यात धरले आहे. २०१७ साली अक्षता टाकताना मला हे ठाऊक नव्हते. पण ठाऊक नव्हते ही सबब कायद्यात चालत नाही.

*लग्न थांबवता येते का?* येते. न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल असते. पळवून, फसवून किंवा विक्री करून लावलेल्या लग्नालाही तेच लागू आहे.

*अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर दवाखान्यात नेल्यावर केस होते, म्हणून घरीच बाळंतपण करावे का?* हा प्रश्न मला दोन-तीन ठिकाणी दबक्या आवाजात विचारला गेला. दवाखान्याला पोलिसांना कळवावे लागते, हे खरे आहे. कायद्याचा हा धाक काही घरांना दवाखान्यापासून दूर ठेवतो, हेही खरे आहे. तरीही घरी ठेवू नका. कोवळ्या वयाच्या बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. केसचे पुढे बघता येते, गेलेला जीव परत येत नाही.

आपण काय करावे

१) गावात असे लग्न ठरत असल्याचे कळले तर ग्रामसेवकाला (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सांगावे. खेड्यात तेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. अंगणवाडी ताईलाही सांगता येते. तोंड दाखवायचे नसेल तर १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

२) कळवायचे ते साखरपुड्याच्या आधी. मांडव पडल्यावर, उसनवारी झाल्यावर लग्न थांबवले तर घर बुडते आणि वैर वाढते.

३) तोडणी करार करताना मुकादमाने यादीतल्या प्रत्येकाच्या वयाचा दाखला द्यावा आणि अठराच्या आतली मुलगी असलेल्या कोयत्याला उचल देऊ नये, अशी माझी सूचना आहे. ती मी संचालक मंडळापुढे लेखी मांडणार आहे.

४) आपल्या फडात टोळी येईल तेव्हा मुली शाळेत आहेत का, हे सभासदाने सहज विचारावे. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी राज्य शासनाची संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ती टोळीला सांगावी. पोरीला मागे ठेवायला सुरक्षित जागा मिळाली, तर बापाची निम्मी घाई कमी होईल.

५) फडातल्या एखाद्या मुलीचे लग्न आधीच झाले असेल तर तिला दोन वर्षांच्या मुदतीची माहिती द्यावी. ती आपल्या घरातल्या बाईने दिलेली बरी. सल्ला देऊ नये, मोड किंवा ठेव म्हणू नये. दार आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत उघडे आहे, एवढेच सांगावे.

रखमाबाईंना कैदेची धमकी मिळाली तेव्हा त्यांच्या बाजूने कायदा नव्हता. आज कायदा आहे, घटना आहे, सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. उरले आहे ते दिल्लीपासून कोपीपर्यंतचे अंतर. त्यातला शेवटचा टप्पा, बांधापासून फडापर्यंतचा, आपल्या पायाखालचा आहे.

ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. गेल्या हंगामातही तिची टोळी आपल्याकडेच होती. तिची थोरली पोर कोपीपुढे पाटीवर अक्षरे गिरवत बसली होती. मी थांबून तिचे नाव विचारले. आणि या खेपेस मी वयही विचारले.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी